गावातली एकच गॅसबत्ती

बोरीकाठ:
मंडळी, मागच्या आठवड्यात गावी (अमळनेर तालुका) माळ्यावरचं सामान उतरवताना एक गॅसबत्ती सापडली. पितळी टाकी, काच एका बाजूने तडकलेली, वरची टोपी गंजलेली. पंपाचा दांडा मात्र अजून आत-बाहेर होतो. आबांना दाखवली. आबा ८२ वर्षांचे. म्हणाले, "ही लागली की गाव गोळा व्हायचं." पुढे तासभर काही बोलले नाहीत, बत्ती मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले.

मी ७४ चा. मला कळायला लागलं तेव्हा गावात वीज होती. त्यामुळे "गाव गोळा व्हायचं" म्हणजे नक्की कशाला, हे मला तुकड्या-तुकड्यांनीच माहीत आहे. भजन, तमाशा, सोंगं, आणखी काय काय. तुमच्या गावात बत्ती कुणाकडे असायची? तेल कोण घालायचं? आणि जमल्यास सांगा, ही पेटवता येईल का? श्रावणात कानबाईच्या (आमच्या खान्देशातल्या देवीच्या) उत्सवाला आमचं सगळं भाऊबंद गावी येणार आहे, त्या रात्री लावायचा विचार आहे.

भरीतभाऊ:
आमच्या गावात (यावल तालुका) दोन होत्या. एक भजनी मंडळाची, एक एका शिंप्याकडे, तो भाड्याने द्यायचा. लग्नसराईत कपडे शिवून त्याला जेवढे मिळायचे त्याहून जास्त बत्ती मिळवून द्यायची असं गावात बोलायचे. मेंटल (बत्तीतली उजेड देणारी जाळी) फुटलं तर पैसे भाड्याने नेणाऱ्याचे. ह्यावरून भांडणंही व्हायची. कारण एकदा जळलेलं मेंटल म्हणजे राखेची जाळी, बैलगाडीत एक धक्का बसला की खेळ खलास. म्हणून आणताना बत्ती गाडीत ठेवायची नाही, एक माणूस हातात धरून चालत यायचा.

उधना_रिटर्न:
भाऊ, तुनी गॅसबत्ती वाचीसन माले मना आजानी याद उनी. आम्हना गावमा बी एकच व्हती.
(बाकीच्यांसाठी मराठीत लिहितो, नाहीतर ॲडमिन रागावतील.) आजोबा बत्तीवाले म्हणूनच ओळखले जायचे. त्यांच्याशिवाय कुणाला पंप मारू द्यायचे नाहीत. फड रंगात आला की उजेड पिवळा पडायला लागायचा, लोक ओरडायचे "बत्ती, बत्ती!" आणि मग आजोबा सगळ्यांच्या मधून ऐटीत उठून जायचे आणि वीस-पंचवीस झटके मारायचे. नाच्याला मिळाली नसेल एवढी शिट्टी आजोबांना मिळायची. आम्ही नंतर सुरतला गेलो. आजोबा उधन्याच्या चाळीत ट्यूबलाइटकडे बघून म्हणायचे, ह्याला काय मारायचं?

हलकंच_घ्या:
>> ह्याला काय मारायचं?
आमच्याकडे ट्यूबलाइटलाही मारतात. स्टार्टर फिरवून झाला की पट्टीला एक थापड. खान्देशी तंत्रज्ञान.

पुणेरी_पाहुणा:
छान धागा. सासुरवाडी धुळ्याची असल्याने वाचतोय. तमाशा, भजन समजलं. पण "सोंगं" म्हणजे बहुरूपी का?

भरीतभाऊ:
बहुरूपी म्हणा. आमच्याकडे रायरंद म्हणतात. आठ-दहा दिवस गावात मुक्काम, रोज वेगळं सोंग, शेवटच्या दिवशी घरोघर फिरून दाणे-पैसे मागायचे. रोज पैसे मागत नाही, हे महत्त्वाचं. आधी सगळं दाखवायचं, मग हिशोब.

ह्यातला एक किस्सा. मी सात-आठ वर्षांचा असेन. रायरंद फौजदार होऊन आला. खाकी, टोपी, हातात छडी, बोलणं एकदम अस्सल. आमच्या गल्लीच्या टोकाला एक काका मोहाची गाळायचे. कुणीतरी धावत जाऊन सांगितलं, फौजदार आला. काकांनी दोन्ही मडकी उकिरड्यावर ओतली, परातीसह. इकडे फौजदार पारावर बसून चहा पीत होता. संध्याकाळी कळलं, तेव्हा काका काठी घेऊन त्याच्या मागे, आणि रायरंद अजून फौजदाराच्याच आवाजात ओरडतोय, "सरकारी कामात अडथळा! सरकारी कामात अडथळा!" शेवटच्या दिवशी तो काकांच्या दारात गेला नाही. काकांनीच बोलावून पायलीभर दादर (ज्वारी) दिली.

तावडी_माय:
आमच्या आसोद्याकडं बी रायरंद यायचा. पन तुमी सगळे पुरुषांचं सांगून ऱ्हायले. तमाशा तुमचा, पार तुमचा, बत्ती तुमची. बायांना तमाशाला जायची सोय होती का? आमच्या करमणुकीला बत्ती लागलीच नाही भो.

आखाजी घ्या. अक्षय तृतीया. लेकी माहेरी यायच्या, निंबाला झोके बांधायचे, सांजोऱ्या, आमरस, खापरावरची पुरणपोळी. दुपारी घागर भरून तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवायचं पितरांसाठी. पन खरी मजा गौराईची. ह्या गल्लीच्या पोरी एकीकडं, त्या गल्लीच्या दुसरीकडं, गान्यातनं एकमेकींना अशा शिव्या द्यायच्या की आता लिहिलं तर धागा बंद पडंल. काही गावांत मधी नाला, दोन काठांवर दोन गावं, आनि दगडं पन चालायची. कुनाची सासू, कुनाचा नवरा, कुनाच्या घरात काय शिजतं, सगळं गान्यात. वर्षभर ज्या सुनेला तोंड उघडायला मिळालं नाही ती त्या दिवशी लेक असायची. तिला कोन अडवनार?

आनि तिजेची कोर लवकर मावळते. मग सगळा अंधार. अंधार होता म्हनून तर शिव्या देता यायच्या. तिथं तुमची बत्ती आनली असती तर एकीचं पन तोंड उघडलं नसतं.

बोरीकाठ:
मावशी, शेवटचं वाक्य वाचून थांबलोच. हा विचार डोक्यात आलाच नव्हता. आईला वाचून दाखवलं, ती पदर तोंडाला लावून हसत सुटली आणि विचारलं तर सांगायला तयार नाही.

उधना_रिटर्न:
आखाजीला पुरुषांचे पत्तेही विसरू नका. एरवी पत्त्याला हात लावला तर मार खाणारा पोरगा त्या दिवशी बापासमोर बसून खेळायचा. सालदारांचं साल आखाजीला संपतं, नवीन ठरतं, त्यामुळे तो दिवस त्यांचा मोकळा आणि हातात हिशोबाचे पैसे. त्यातले किती घरी पोचायचे ते विचारू नका.

शेंदुर्णी_पॅसेंजर:
धागा थोडा भरकटवतो, माफी. आमची करमणूक म्हणजे पीजे. पाचोरा-जामनेर छोटी गाडी. यात्रेला शेंदुर्णीला जायचं तर यात्रा हे निमित्त, गाडी हाच कार्यक्रम. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, सगळ्या ठिकाणी कुणी ना कुणी ओळखीचं चढायचं. डब्यात भजन सुरू, टाळ दप्तरातून निघायचे. चढावर गाडी एवढी हळू की पोरं उतरून हरभरा उपटून परत चढायची. हे सांगितलं की नवी पिढी म्हणते थापा. थापा नाहीत, मी स्वतः उपटलाय. एकदा शेतवाल्याने ओळखलं, तो पुढच्या स्टेशनवर आमच्या आधी सायकलने पोचला होता.

हलकंच_घ्या:
म्हणजे गाडीपेक्षा सायकल वेगवान हे सिद्ध झालं. धन्यवाद.

सातपुड्याखाली:
नंदुरबारकडून लिहितोय. तुमच्याकडे गॅसबत्ती, आमच्याकडे टेंभा आणि होळी. आणि खान्देश म्हटलं की जळगावपर्यंत येऊन थांबता, हे नेहमीचंच. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात भोवाडा व्हायचा, रात्रभर देवांचे मुखवटे घालून एकेक सोंग यायचं, संबळ आणि सनई. टेंभ्याच्या उजेडात मुखवटा हलतो, उजेड हलतो म्हणून. बल्बखाली तोच मुखवटा पाहिला तर लाकूड दिसतं.

पण एक स्पष्ट सांगतो. काठीची होळी (अक्कलकुवा तालुका) कुणी "करमणूक" ह्या यादीत टाकू नये. कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेले लोक नाचतात ते नवस म्हणून. आधीचे कित्येक दिवस पाळणूक असते, खाटेवर झोपत नाहीत. रात्रभर नाचून पहाटे होळी पेटते. हल्ली कॅमेरेवाले मध्ये येऊन उभे राहतात, त्यांना वाटतं कार्यक्रम त्यांच्यासाठी आहे.

भरीतभाऊ:
मान्य, पण रेघ एवढी सरळ नसते. बारागाड्या घ्या. तोही नवसच. भगत कमरेला दोर बांधून एकामागे एक जोडलेल्या बारा बैलगाड्या ओढतो, गाड्यांवर माणसं लदबदलेली, मरीआईच्या नावाने डफावर वह्या (देवीची गाणी) चाललेल्या. भगतासाठी देव. गाडीवर चढलेल्या आम्हा पोरांसाठी काय होतं? जत्रेतला पाळणाच की. दोन्ही खरं.

सातपुड्याखाली:
हे पटलं. पण गाडीवर चढणारे गावचेच होते. फोटो काढायला बाहेरून आलेले नव्हते.

खापरमांडे:
सारंगखेड्याची आठवण कुणी काढली नाही अजून. दत्तजयंतीची यात्रा, तापीकाठ, घोडेबाजार. वडील घोडा विकत घेणार नव्हते, पण दरवर्षी तीन तास घोड्याचे दात बघायचे. दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करायचे, ते बघायला गर्दी. आम्हा पोरींना टूरिंग टॉकीज. तंबूत मधोमध पडदा, बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. जमिनीवर बसायचं, बारदान घरून न्यायचं. रीळ तुटलं की पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या, आमच्या बाजूने शेंगा फोडल्याचा आवाज.

आणि कधीतरी सरकारची गाडी गावात यायची. शाळेच्या भिंतीवर चादर लावून कुटुंबनियोजनाचा, फवारणीचा सिनेमा. पुढे जागा नाही मिळाली तर लोक चादरीच्या मागे बसायचे. चित्र उलटं दिसायचं. आमच्या आत्याने तोच सिनेमा दोनदा पाहिला, एकदा पुढून, एकदा मागून, आणि ठामपणे सांगायची की डॉक्टर डावखुरा होता.

निळी_शाई:
बरेच दिवस नुसती वाचते. आज लिहिते.

"बत्ती कुणाकडे असायची" असं धागाकर्त्याने विचारलं. बत्ती कुणाच्या डोक्यावर असायची हे अजून कुणी लिहिलं नाही.

माझी आजी वरातीत गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालायची. आमच्या वस्तीतल्या सहा-सात बाया, वरातीच्या दोन्ही बाजूंनी. चुंबळ, त्यावर फळी, फळीवर बत्ती. टाकी तापायची. वाकलं तर रॉकेल मानेवर ओघळायचं म्हणून मान सरळ ठेवायची, तीन-तीन तास. ठेच लागली तरी खाली बघायचं नाही. मोबदला चार आणे आणि पंगत उठल्यावर उरलेलं जेवण. तमाशाच्या वेळी तीच वस्ती फडाच्या पार मागे, उजेड जिथे संपतो तिथे. आजीला मी एकदा विचारलं, वरात कशी दिसायची? म्हणाली, "माले काय माहित बाई. उजेड मना डोकावर व्हता, डोळास्ना आंगे अंधार." तिला दिसायचे फक्त पुढच्या बाईच्या टाचा.

तक्रार म्हणून लिहीत नाही. "गाव गोळा व्हायचं" हे खरं आहे. कोण कुठे गोळा व्हायचं तेही लिहा, एवढंच.

शेंदुर्णी_पॅसेंजर:
ताई, लिहिलंत हे बरं केलंत. आमच्या घरच्या लग्नाचे जुने फोटो आहेत, त्यात नवरदेव घोड्यावर आणि कडेला बत्त्या दिसतात. बत्तीखालचे चेहरे अर्धे कापलेले. इतकी वर्षं मी फोटोवाल्याची चूक समजत होतो.

हलकंच_घ्या:
आज विनोद नाही.

पुणेरी_पाहुणा:
पण एक विचारतो, राग मानू नका. त्या काळी सगळीकडे तसंच होतं, त्याला गावाच्या करमणुकीशी जोडायची गरज आहे का? धागा आठवणींचा आहे.

निळी_शाई:
ही पण आठवणच आहे. माझी.

ॲडमिन:
ह्या मुद्द्यावर उपप्रतिसाद वाढवायचे असतील तर वेगळा धागा काढावा. निळी_शाई यांचा प्रतिसाद मूळ प्रश्नाला धरूनच आहे, तो राहील.

उधना_रिटर्न:
मला वाटतं व्हिडिओ आला तेव्हा हे बसणं थोडं बदललं. ८५-८६ साल. तालुक्याहून रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने. वर्गणी घरटी दोन रुपये, नसतील तर शेरभर ज्वारी. वर्गणी दिली की जिथे बसायचं तिथे बस. निदान आमच्या गल्लीत तसं झालं, सगळीकडचं सांगत नाही. पहाटेपर्यंत तीन सिनेमे, तिसरा कुणीच धड पाहिलेला नसायचा. मधे लाइट गेली की बॅटरी लावून तोंडावर मारायची, कोण कुणाशेजारी बसलंय ते बघायला. ह्यातून दोन लग्नं ठरली आणि एक मोडलं.

खापरमांडे:
आणि मग १९८७ ला जानेवारीत रामायण सुरू झालं, दर रविवारी सकाळी साडेनऊ. गावातला एकच ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही पाटलांच्या ओसरीत. बाया अंघोळी करून, टीव्हीपुढे उदबत्ती. गच्चीवर एक पोरगा अँटेना धरून, खालून ओरडायचे "राम गेला, राम गेला, डावीकडे फिरव!" पुढच्या दोन-तीन वर्षांत घरोघर टीव्ही आले आणि ओसरी ओस पडली. पाटलांच्या काकू म्हणायच्या, सुटले बाई चहा करून. पण रविवारी दार उघडंच ठेवायच्या.

रेंच_पाना:
मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणीच दिलेलं नाही, म्हणून देतो. बत्ती पेटेल.

पंपात चामड्याचा वायसर असतो, तो वाळून कडक झालेला असणार. काढून रात्रभर खोबरेल तेलात भिजव, फुगून मऊ होईल. नाही झाला तर स्टोव्ह दुरुस्तीवाल्याकडे मिळतो, असे दुकानदार अजून आहेत. टाकी आतून रॉकेलने दोनदा विसळ, साचलेली घाण निघेल. जेटचं भोक पिनेने साफ कर. टाकी तीन चतुर्थांशपेक्षा जास्त भरू नको, वर हवेला जागा लागते, तो दाबच तेल वर चढवतो. आधी स्पिरिटने नळी तापवायची, मग हवा. नळी तापायच्या आधी घाई केलीस तर तेलाचा फवारा उडून भडका होईल. आणि रॉकेल मिळत नाही म्हणून कुणी शहाणा पेट्रोल सुचवेल, त्याचं ऐकू नकोस.

मेंटल नवीन लागेल. जुनी मेंटलं थोरियमची असायची, ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम, त्यामुळे तो पांढरा प्रकाश. थोरियम किंचित किरणोत्सारी, म्हणून आता बहुतेक ठिकाणी दुसरी रसायनं वापरतात. माळ्यावर जुनं पाकीट सापडलं तर ते वापरू नको, फुटलेल्या मेंटलची राख नाकात जाऊ देऊ नको.

हलकंच_घ्या:
म्हणजे आमचे आजोबा अणुशक्तीवर तमाशा बघत होते. आता कळलं घरात सगळे असे का निघाले.

बोरीकाठ:
रेंच_पाना, खूप आभार. वायसर खोबरेलमध्ये ठेवलाय. रॉकेलसाठी आई रोज विचारते, "आते कोठे भेटी?" रेशनवर तर बंदच आहे. एका ओळखीच्या रंगाऱ्याकडे तीन लिटर निघालं.

आणि एक भानगड झाली आहे. टाकी चिंचेने घासली तर बुडाशी कोरलेली अक्षरं निघाली. "भ. मं." आणि गावाचं नाव. म्हणजे बत्ती आमची नाहीच, भजनी मंडळाची! आबांना विचारलं. आधी म्हणाले दिसत नाही. मग म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर रात्री हजेरीला नेली होती, नंतर गावात लाइट आली, कुणी मागितली नाही.

भरीतभाऊ:
पन्नास वर्षांचं भाडं काढा आबांच्या नावावर. शिंप्याच्या दराने.

तावडी_माय:
चक्रवाढ लावा.

बोरीकाठ:
आबांना वाचून दाखवलं. म्हणाले, शिंपी चोर होता, मंडळाचा दर निम्मा होता.

अजून एक. निळी_शाईंचा प्रतिसादही वाचून दाखवला. ऐकून घेतलं. मग दोन बायांची नावं घेतली, आमच्या गावच्या, बत्ती डोक्यावर घेणाऱ्या. इथे लिहीत नाही. एकीचा नातू आता गावात ट्रॅक्टरच्या गॅरेजवर आहे. वायसर बसत नाही म्हणून मी बत्ती त्याच्याकडेच नेली होती. त्याला माहीत नव्हतं, मलाही.

निळी_शाई:
त्याला सांगितलं का?

बोरीकाठ:
सांगितलं. म्हणाला, आजी मानेला कायम तेल लावायची, का ते कधी विचारलं नाही. वायसर त्याने बसवून दिला. पैसे घेतले, तीस रुपये. कानबाईच्या रात्री ये म्हटलं तर म्हणाला, बघतो.

बत्ती मंडळाला परत करायची की कानबाईनंतर करायची, ह्यावर घरात दोन तट आहेत.

रेंच_पाना:
आधी पेटू दे. आणि मेंटल बांधताना दोऱ्याची जास्तीची टोकं कापून टाक, नाहीतर जळताना काचेला चिकटतात.